पाण्यातील संवेदकासाठी नॅनोतार निवडताना: तारेचा व्यास, पदार्थ आणि प्रकाशाची जागा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पदव्युत्तर प्रकल्पासाठी पाण्यात विरघळलेल्या पदार्थाचे प्रमाण ओळखणारा प्रकाशीय संवेदक तुम्हाला बनवायचा आहे. हाताशी ६३३ नॅनोमीटरचा लाल हीलियम-निऑन लेसर आहे. मार्गदर्शकांनी चांदीची नॅनोतार सुचवली आहे, वाचनात मात्र सिलिकाच्या (म्हणजे शुद्ध काचेच्या) आणि सिलिकॉन या अर्धवाहकाच्या तारा अधिक आल्या आहेत. तुमच्या दोन शंका आहेत: तरंगलांबीपेक्षा बारा-तेरा पट बारीक, म्हणजे ५० नॅनोमीटरच्या तारेतून हा प्रकाश जातोच कसा, आणि जात असेल तर मिळेल तितकी बारीक तार घेणे शहाणपणाचे आहे का?

मी गेली बरीच वर्षे बारीक ओढलेल्या प्रकाशतंतूंवर काम करते, त्यामुळे उत्तरात माझा कल सिलिकाकडे दिसेल. तो कल का आहे हे मी कारणांसह सांगणार आहे, म्हणजे तुमची परिस्थिती वेगळी असेल तर तुम्ही निर्णयही वेगळा घेऊ शकाल.

तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी ‘तार किती बारीक’ हा मुद्दा नाही. प्रकाशाची ऊर्जा कुठे असायला हवी, तारेच्या आत की तारेभोवतीच्या पाण्यात, आणि तिथून ती किती अंतर जायला हवी, हे खरे ठरवायचे आहे. या दोन गोष्टी ठरल्या की पदार्थ, व्यास आणि तरंगलांबी यांची निवड बरीचशी आपोआप होते. त्या ठरवण्याआधी तार विकत घेतली किंवा बनवली, तर महिनाभर सूक्ष्मदर्शकाखाली एक चमकणारे टोक पाहण्यापलीकडे काही हाती लागत नाही.

आधी पहिली शंका घेऊ. शाळेत आपण पूर्ण आंतरिक परावर्तन शिकतो आणि काचेच्या तंतूत किरण भिंतींवर आपटत पुढे जातो असे चित्र मनात ठेवतो. तंतूचा व्यास तरंगलांबीपेक्षा पुष्कळ मोठा असेल तोवर हे चित्र चालते. व्यास तरंगलांबीच्या जवळ आला की ‘किरण’ या कल्पनेलाच अर्थ उरत नाही. मग विद्युतचुंबकीय लहर आणि तार यांचा एकत्र विचार करावा लागतो. तार ही लहरीला बांधून ठेवणारी रेषा होते आणि लहर तिच्या आतही असते, बाहेरही असते. बाहेरचा भाग पृष्ठभागापासून दूर जाताना झपाट्याने मंदावतो, आणि त्यालाच इव्हॅनेसंट क्षेत्र म्हणतात. आतला आणि बाहेरचा भाग मिळून एकच आकार तयार होतो व तो आकार न बदलता तारेच्या बाजूने पुढे सरकतो. या आकाराला मोड म्हणतात. गोल तारेत सर्वांत खालचा मोड, एचई-११, हा तत्त्वतः कोणत्याही व्यासाला अस्तित्वात असतो, त्याला किमान व्यासाची अट नाही. म्हणून ‘तरंगलांबीपेक्षा बारीक तारेतून प्रकाश जाऊ शकत नाही’ हे विधान चूक आहे.

मात्र तत्त्वतः मोड असणे आणि त्याने उपयोगाचे काही करणे यांत मोठे अंतर आहे. हवेतील सिलिकाच्या तारेसाठी, ६३३ नॅनोमीटरला, सुमारे ४५७ नॅनोमीटरपेक्षा कमी व्यास झाला की फक्त एकच मोड उरतो. त्या व्यासाला ऊर्जेचा साधारण चार-पंचमांश भाग काचेच्या आत असतो. व्यास २०० नॅनोमीटरच्या आसपास नेला की आत जेमतेम एक-दशांश भाग राहतो आणि उरलेला सगळा प्रकाश तारेबाहेर, तारेला धरून, चालत असतो. ५० नॅनोमीटरला काय होते? गणितात मोड दिसतो, पण त्याचे बाहेरचे क्षेत्र इतके पसरलेले असते की प्रयोगशाळेच्या मापात त्याला बांधलेला प्रकाश म्हणता येत नाही. तारेचा व्यास जरा बदलला, एखादा सूक्ष्म बाक आला किंवा आधाराचा खांब जवळ आला की तो प्रकाश मोकळा होऊन निघून जातो. अंगठेनियम म्हणून मी असे धरते की तरंगलांबीच्या सुमारे दहाव्या भागाखाली काचेची तार प्रकाशमार्ग म्हणून विचारातच घेऊ नये.

तुमच्या वाचनात आलेला ५० नॅनोमीटरचा आकडा बहुधा २००३ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या लिमिन टोंग, एरिक माझूर आणि सहकाऱ्यांच्या कामातून आलेला असावा. त्यांनी तापवलेल्या नीलमण्याच्या टोकावर सिलिकाचा तंतू गुंडाळून ओढला आणि ५० नॅनोमीटरपर्यंत बारीक, तरीही अतिशय गुळगुळीत तारा मिळवल्या. इतक्या बारीक तारा बनवता येतात हे त्यांनी दाखवले, पण कमी हानीत प्रकाश नेल्याची त्यांची मोजमापे शेकडो नॅनोमीटर व्यासाच्या तारांवरची होती. वाचताना हा भेद सहज निसटतो. सिलिकाचे धागे ओढण्याची विद्या मात्र याहून बरीच जुनी आहे. १८८७ साली चार्ल्स व्हर्नन बॉइज यांनी वितळलेल्या क्वार्ट्झला बाण जोडून तो धनुष्यातून सोडला आणि अत्यंत बारीक धागे मिळवले. ते त्यांनी पीळ मोजणाऱ्या तराजूंसाठी वापरले. त्या धाग्यांतून प्रकाश नेण्याचा विचार त्या काळी झाला नव्हता, परंतु सिलिका तापवून झपाट्याने ओढली की तिचा पृष्ठभाग विलक्षण गुळगुळीत होतो हा गुण तेव्हाचाच. आजही सिलिकाच्या तारेचा मोठा आधार हाच गुण आहे.

आता चांदी. इथे ‘जितकी बारीक तितकी चांगली’ या वाक्याचा अर्थ पूर्ण उलटतो आणि म्हणूनच दोन्ही पदार्थांवरचे लेख एकापाठोपाठ वाचणारा गोंधळतो. धातूच्या तारेत प्रकाश आत शिरून पुढे जात नाही. तो धातूच्या पृष्ठभागावरील इलेक्ट्रॉनांच्या दोलनाशी जोडला जातो आणि पृष्ठभागावरून सरकणारी प्लाझ्मॉन लहर तयार होते. धातूची तार बारीक केली की ही लहर पसरत नाही, उलट तारेला अधिक घट्ट चिकटते. त्यामुळे ५० नॅनोमीटरच्या चांदीच्या तारेवर ६३३ नॅनोमीटरचा प्रकाश खरोखरच तरंगलांबीपेक्षा कितीतरी लहान जागेत कोंबता येतो. हे शक्य असल्याचे सैद्धांतिक काम १९९७ सालीच झाले होते. याची किंमत म्हणजे लहर जितकी घट्ट, तितका तिचा अधिक भाग धातूत आणि तितकी तिची ऊर्जा उष्णतेत जाते. २००५ सालच्या एका गाजलेल्या मोजमापात रासायनिक पद्धतीने बनवलेल्या, एकस्फटिकी, सुमारे १२० नॅनोमीटर जाडीच्या चांदीच्या तारेवर ७८५ नॅनोमीटरच्या प्रकाशासाठी प्लाझ्मॉनचे प्रसरण अंतर सुमारे १० मायक्रोमीटर आले. ही चांगली तार होती. ६३३ नॅनोमीटरला आणि आणखी बारीक तारेवर हे अंतर काही मायक्रोमीटरांवर येते. पृष्ठभाग खडबडीत असेल किंवा हवेतील गंधकाच्या संयुगांनी चांदी काळवंडली असेल, तर आणखी कमी.

चांदीच्या तारेत प्रकाश घालणे हाही वेगळा विषय आहे. गुळगुळीत तारेच्या मधल्या भागावर लेसर टाकला तर जवळजवळ काहीच होत नाही, कारण मोकळ्या प्रकाशाचा आणि प्लाझ्मॉनचा संवेग जुळत नाही. प्रकाश तारेच्या टोकावर, एखाद्या वाकावर किंवा तारेला चिकटलेल्या नॅनोकणावर केंद्रित करावा लागतो आणि त्याचे ध्रुवीकरण साधारणतः तारेच्या दिशेला ठेवावे लागते. मग दुसरे टोक उजळते. हे सगळे उत्तम सूक्ष्मदर्शकाखाली, उच्च विशालनाच्या भिंगाने करायचे काम आहे. पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत चांदीच्या नॅनोतारांवर अशा प्रकारचे काम झालेले आहे. तुमच्या मार्गदर्शकांचा संबंध त्या परंपरेशी असेल तर त्यांचा सल्ला कुठून आला हे समजते. एकेका रेणूचे किंवा क्वांटम डॉटचे (प्रकाश देणाऱ्या अर्धवाहक नॅनोकणाचे) उत्सर्जन पकडून काही मायक्रोमीटर पुढे नेणे, किंवा रामन संकेत (रेणूंची ओळख देणारा विखुरलेला प्रकाश) एका ठिपक्यावर वाढवणे, अशी उद्दिष्टे असतील तर चांदीला तोड नाही. परंतु पाण्याच्या नमुन्यात विरघळलेल्या पदार्थाचे सरासरी प्रमाण मोजायचे असेल, तर प्रकाश आणि पाणी यांचा सहवास मिलिमीटरभर तरी हवा, आणि तो चांदी देऊ शकत नाही.

सिलिकॉनबद्दल मी थोडक्यात लिहिते, कारण तुमच्या लेसरनेच तो प्रश्न निकाली काढला आहे. सिलिकॉन सुमारे ११०० नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश शोषतो. ६३३ नॅनोमीटरचा लाल प्रकाश सिलिकॉनमध्ये जेमतेम तीन मायक्रोमीटरमध्ये बराचसा संपतो. दूरसंचाराच्या १३१० किंवा १५५० नॅनोमीटरला मात्र सिलिकॉन पारदर्शक असतो. त्याचा अपवर्तनांक सुमारे ३.४८ आहे, त्यामुळे साधारण ४५० गुणिले २२० नॅनोमीटर छेदाच्या पट्टीत प्रकाश इतका घट्ट बसतो की काही मायक्रोमीटर त्रिज्येचे वळणही त्याला चालते. हीच त्याची ताकद आहे आणि चिपवरील प्रकाशीय परिपथ त्यामुळेच शक्य झाले. २००४ साली आयबीएमच्या गटाने अशा ४४५ गुणिले २२० नॅनोमीटरच्या तारेत सेंटिमीटरला सुमारे ३.६ डेसिबल हानी मोजली होती, म्हणजे एका सेंटिमीटरनंतर निम्म्याहून थोडा कमी प्रकाश शिल्लक. ही हानी पदार्थाची नव्हे, कोरलेल्या भिंतींच्या खडबडीतपणाची आहे. अपवर्तनांकातील फरक मोठा असला की नॅनोमीटर-दोन नॅनोमीटरची दातेरी कडसुद्धा प्रकाश विखुरते. शिवाय साध्या तंतूतील प्रकाशाचा डाग सुमारे १० मायक्रोमीटरचा आणि सिलिकॉनच्या तारेतील त्याहून कितीतरी लहान, म्हणून दोघांना जोडण्यासाठी ग्रेटिंग (समान अंतरावर कोरलेल्या बारीक रेघा) किंवा उलटा निमुळता भाग वेगळा बनवावा लागतो. हे काम इलेक्ट्रॉन-बीम लिथोग्राफी, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या झोताने नक्षी आखण्याची सोय, असलेल्या केंद्रातच होते.

झिंक ऑक्साइड, कॅडमियम सल्फाइड यांसारख्या अर्धवाहक तारा सोन्याच्या थेंबाखाली वाढवण्याची पद्धत १९६४ साली वॅगनर आणि एलिस यांनी सिलिकॉनवर दाखवलेल्या प्रक्रियेतून आलेली आहे. त्या तारांची दोन्ही टोके आरशासारखी वागतात, म्हणून त्या लेसर म्हणून गाजल्या. तुमच्या कामासाठी मला त्यांची गरज दिसत नाही.

इथवरचा निष्कर्ष असा: काचेची तार बारीक केली की प्रकाश बाहेर येतो आणि लांबवर जातो, चांदीची तार बारीक केली की प्रकाश चिकटतो आणि लगेच संपतो, आणि सिलिकॉनची तार प्रकाश आत कोंडते, पण तुमच्या रंगाला ती अपारदर्शक आहे. तुम्हाला प्रकाश पाण्यात हवा आहे, मिलिमीटरभर हवा आहे आणि लाल रंगाचा हवा आहे. म्हणून माझा सल्ला सिलिकाचा. त्यातही स्वतंत्र तार नको, नेहमीचा प्रकाशतंतू मध्यभागी तापवून ओढून निमुळता केलेला टेपर हवा. त्याच्या मधल्या सर्वांत बारीक भागाला कंबर म्हणतात. याचा फार मोठा फायदा म्हणजे दोन्ही बाजूंना साधा तंतू तसाच राहतो, प्रकाश आत घालण्याचा आणि बाहेर काढण्याचा प्रश्नच उरत नाही. नीट ओढलेल्या टेपरमधून किती प्रकाश पार जाऊ शकतो याची कल्पना यावी म्हणून सांगते: २०१४ साली अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठाच्या गटाने ५०० नॅनोमीटर कमरेच्या टेपरमधून ९९.९५ टक्के प्रकाश पार नेल्याचे प्रसिद्ध केले. बाहेरचे क्षेत्रही नुसते कागदावरचे नाही. २०१० साली जर्मनीतील माइन्झच्या गटाने अशाच सुमारे ५०० नॅनोमीटरच्या तंतूभोवती, पृष्ठभागापासून सुमारे २०० नॅनोमीटर अंतरावर, सीझियमचे अणू त्या क्षेत्राच्या जोरावर धरून ठेवले होते.

पाण्यात गेल्यावर वरचे आकडे बदलतात, आणि बहुतेक नवखे विद्यार्थी हवेचेच आकडे पाण्यात वापरतात. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ आहे, सिलिकाचा १.४५७. फरक कमी झाल्याने प्रकाश अधिक पसरतो. ६३३ नॅनोमीटरला एकच मोड राहण्याची मर्यादा हवेत ४५७ नॅनोमीटर होती, ती पाण्यात सुमारे ८२० नॅनोमीटर होते. म्हणून पाण्यात ५०० नॅनोमीटरचा व्यासही ‘बारीक’ ठरतो आणि त्या व्यासाला साधारण निम्मी ऊर्जा पाण्यात असते. हवेत उत्तम चालणारी ३०० नॅनोमीटरची तार पाण्यात बुडवताच प्रकाश सोडून देऊ शकते. मी तुमच्या जागी असते तर ७०० नॅनोमीटरपासून सुरुवात केली असती, मोजमाप स्थिर येते याची खात्री केली असती आणि मगच ५०० कडे गेले असते. संवेदनशीलता वाढवण्यासाठी व्यास कमी करणे हा एकच मार्ग नाही. कमरेची लांबी वाढवली तरी प्रकाश आणि पाणी यांचा सहवास वाढतो आणि तार मोडण्याचा धोका तितका वाढत नाही.

तरंगलांबीबाबत तुम्ही सुदैवी आहात. अनेक लेखांत १५५० नॅनोमीटर वापरलेले दिसते, कारण त्या तरंगलांबीची उपकरणे सहज मिळतात. परंतु १५५० ला पाणी स्वतःच प्रकाश जोरात शोषते, साधारण एका मिलिमीटरमध्ये तो एक-तृतीयांशाच्या आसपास येतो. १३१० ला हे शोषण बरेच कमी, आणि लाल प्रकाशाला जवळजवळ नगण्य आहे. म्हणून ६३३ सोडू नका. फक्त त्याला शोभेल असाच तंतू घ्या. दूरसंचाराचा नेहमीचा तंतू १५५० साठी एकमोडी असतो, पण ६३३ ला त्यात अनेक मोड चालतात. असा तंतू ओढला की वरच्या मोडमधील प्रकाश निमुळत्या भागात गळतो, बाहेर येणारा संकेत तंतूला हात लागला तरी हलतो, आणि दोष संवेदकाचा की तंतूचा हे कळेनासे होते. ६३३ साठी एकमोडी म्हणून विकला जाणारा, सुमारे ४ मायक्रोमीटर गाभ्याचा तंतू घ्या. तो महाग असतो, पण काही मीटर पुरतो.

ओढण्याच्या प्रक्रियेत किती ताणायचे याचा हिशोब सोपा आहे. ज्योत ठरावीक लांबीवर पुढे-मागे फिरवली आणि ती लांबी बदलली नाही, तर टेपरचा आकार घातांकी होतो व कमरेची लांबी ज्योतीच्या फिरण्याच्या लांबीइतकी राहते. एकूण ताण म्हणजे ज्योतीच्या फिरण्याच्या लांबीची दुप्पट गुणिले मूळ व्यास आणि हवा असलेला व्यास यांच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगॅरिदम. १२५ मायक्रोमीटरचा तंतू अर्ध्या मायक्रोमीटरवर आणायचा तर गुणोत्तर २५०, त्याचा लॉगॅरिदम सुमारे ५.५२. ज्योत ५ मिलिमीटर फिरत असेल तर एकूण ताण सुमारे ५५ मिलिमीटर. याच सूत्रातून दुसरी महत्त्वाची गोष्ट कळते: ज्योत ५ मिलिमीटर फिरत असताना ताणात एक मिलिमीटरची चूक झाली तर व्यास सुमारे दहा टक्क्यांनी बदलतो. म्हणून स्क्रू हाताने फिरवून हे होणार नाही, दोन मोटारचलित स्टेज (सरकते मंच) लागतात. स्वयंपाकाच्या गॅसची किंवा ब्यूटेनची ज्योत काजळी सोडते, आणि काजळीचा एक कण कमरेवर बसला तरी तो प्रकाश विखुरतो. हायड्रोजन आणि ऑक्सिजनची ज्योत स्वच्छ असते, पण हायड्रोजनचा सिलिंडर वापरण्याआधी गळतीची तपासणी, वायुवीजन आणि विभागाची परवानगी या तिन्ही गोष्टी आधी करा. ते शक्य नसेल तर छोटी विद्युत भट्टी हा सुरक्षित पर्याय आहे, फक्त व्यास एकसारखा मिळायला अधिक सराव लागतो.

ओढताना पूर्ण वेळ लेसर चालू ठेवा आणि बाहेर येणारी शक्ती नोंदवत राहा. प्रत्येक तारेसाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक मिळणार नाही, आणि ही नोंद त्याचे बरेचसे काम करते. तंतू बारीक होऊ लागला की गाभ्याचा प्रकाश गाभ्याभोवतीच्या काचेच्या आवरणात उतरतो, काही ऊर्जा वरच्या मोडमध्ये जाते आणि ते मोड एकमेकांत मिसळल्याने शक्तीत हेलकावे दिसू लागतात. व्यास कमी होत जातो तसे वरचे मोड एकेक करून नाहीसे होतात आणि एका क्षणी हेलकावे एकदम थांबतात. अनेकजण त्या क्षणाला ‘तार ४५७ नॅनोमीटरच्या खाली गेली’ असे लिहून ठेवतात. ते सहसा बरोबर नसते. टेपर नीट गोल आणि सममित असेल तर एचई-११ मधून ऊर्जा मुख्यतः तशाच सममितीच्या वरच्या मोडमध्ये, एचई-१२ मध्येच जाते आणि तो मोड हवेत सुमारे ७३० नॅनोमीटरला संपतो. म्हणजे चांगल्या टेपरमध्ये शेवटचा हेलकावा ७३० च्या आसपास थांबतो. त्यानंतर किती ओढायचे हे वरच्या सूत्राने ठरवा. तुमची यंत्रणा बसली की एक-दोन नमुने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सूत्र आणि प्रत्यक्ष व्यास जुळतात का हे तपासा, मग पुढच्या तारांसाठी ही नोंद पुरते. हेलकावे फार मोठे असतील, तर निमुळता भाग फार तीव्र उताराचा झाला आहे. ज्योतीच्या फिरण्याची लांबी वाढवा, उतार सौम्य होईल.

अंधारात कमरेकडे पाहणे हीसुद्धा उत्तम चाचणी आहे. निरोगी तार ६३३ च्या प्रकाशात जवळजवळ दिसत नाही. कमरेवर सुटे लाल ठिपके दिसले तर ती धूळ आहे, संपूर्ण कंबर एकसारखी चमकत असेल तर पृष्ठभाग खराब झाला आहे, आणि फक्त निमुळत्या भागात चमक असेल तर उतार चुकला आहे. ही तिन्ही लक्षणे वेगवेगळी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत, म्हणून नुसते ‘हानी अमुक डेसिबल’ असे न लिहिता चमक कुठे होती हेही वहीत लिहा.

तार बनली की ती ठेवायची कशावर? सर्वांत जास्त प्रयोग इथे वाया जातात. सिलिकाची नॅनोतार काचेच्या पट्टीवर ठेवली की प्रकाश पट्टीत निघून जातो, कारण दोघांचा अपवर्तनांक जवळजवळ सारखा आहे. चांदीच्या आणि सिलिकॉनच्या तारा काचेवर खुशाल ठेवता येतात, आणि त्यांचे फोटो पाहून विद्यार्थी सिलिकाही तशीच ठेवतात. टोंग यांच्या गटाने सिलिकाच्या तारांसाठी सिलिका एरोजेलचा (बहुतांश हवा असलेल्या सच्छिद्र घन पदार्थाचा) आधार वापरला, त्याचा अपवर्तनांक हवेच्या अगदी जवळ असतो. तुम्हाला एरोजेलची गरज नाही. टेपर यू आकाराच्या चौकटीवर किंचित ताणून, दोन्ही बाजूंच्या जाड भागांना अतिनील किरणांनी कडक होणाऱ्या डिंकाने चिकटवा आणि कंबर पूर्ण मोकळी ठेवा. डिंक निमुळत्या भागापर्यंत पोहोचला की तिथे प्रकाश गळतो, म्हणून तो जाड भागावरच राहील याची काळजी घ्या. मोकळी तार फारच नाजूक वाटली तर टेफ्लॉन एएफसारख्या सुमारे १.३१ अपवर्तनांकाच्या फ्लोरोपॉलिमरच्या थरावर ती टेकवता येते, कारण तो पाण्यापेक्षाही कमी अपवर्तनांकाचा आहे. मात्र तो स्वस्त नाही.

पाण्यात नेताना सर्वांत मोठा धोका पृष्ठताणाचा असतो. कंबर हवा आणि पाणी यांच्या सीमेतून जाताना वाकते, कधी चौकटीला चिकटते, कधी तुटते. म्हणून तार नमुन्यात पुन्हा पुन्हा बुडवून बाहेर काढू नका. एकदा छोट्या प्रवाहकक्षात बसवा, पाणी खालून हळूहळू चढू द्या, आणि त्यानंतर पाणी बदलतच ठेवा, कक्ष रिकामा होऊ देऊ नका. हवेत उघडी ठेवलेली तार धुळीने काही तासांत खराब होऊ शकते. स्वच्छ बंद डबीत ठेवली तर पुष्कळ टिकते.

मोजमापात तुम्हाला खरा त्रास तापमान देणार आहे. पाण्याचा अपवर्तनांक खोलीच्या तापमानाला एका अंशामागे सुमारे ०.०००१ ने कमी होतो. एक टक्का मिठाचे पाणी अपवर्तनांक सुमारे ०.००१७ ने वाढवते. म्हणजे पाणी एका अंशाने थंड झाले तर तुमच्या संवेदकाला ते लिटरमागे साधारण अर्धा-पाऊण ग्रॅम मीठ वाढल्यासारखे दिसेल. म्हणून कक्षात थर्मिस्टर (तापमान मोजणारा छोटा घटक) बसवा, आणि शक्य असेल तर तोच प्रकाश विभागून शुद्ध पाण्यातील दुसऱ्या तारेतूनही पाठवा व दोन्हींतील फरक घ्या. दुसरे असे की अपवर्तनांक मोजणारी तार कोणता पदार्थ आहे हे ओळखत नाही. मीठ, साखर, खत, सगळे तिला सारखेच. विशिष्ट पदार्थ हवा असेल तर दोन वाटा आहेत. पहिली, तो पदार्थ ६३३ ला प्रकाश शोषतो असे पाहणे किंवा रंगद्रव्याशी त्याची अभिक्रिया घडवून लाल प्रकाश शोषणारे संयुग तयार करणे; दुसरी, तारेच्या पृष्ठभागावर फक्त त्याच पदार्थाला धरून ठेवणारा थर बसवणे. पहिली वाट पदव्युत्तर प्रकल्पाच्या कालावधीत होण्यासारखी आहे. दुसरी पृष्ठभाग रसायनशास्त्राची जाणकार व्यक्ती सोबत असेल तरच घ्या. तुमचा पदार्थ कोणता हे तुम्ही लिहिलेले नाही, आणि वरचा सगळा सल्ला याच एका माहितीवर सर्वाधिक अवलंबून आहे.

मार्गदर्शकांशी बोलताना चांदी नको असे सरळ म्हणण्याऐवजी त्यांना एकच विचारा: प्रकाश आणि नमुना यांची गाठ किती लांबीवर पडावी असे त्यांच्या मनात आहे? उत्तर काही मायक्रोमीटर असेल, म्हणजे त्यांना एका बिंदूवरील रामन संकेत किंवा एकेका कणाचे उत्सर्जन हवे असेल, तर त्यांचा सल्ला योग्य आहे आणि बदलायला हवी ती तुमच्या प्रकल्पाची मांडणी. उत्तर मिलिमीटर असेल तर टेपर घ्या. आणि पुढे कधी चिपवर जायचे ठरले तर ६३३ साठी सिलिकॉनऐवजी सिलिकॉन नायट्राइडचा विचार करा. तो दृश्य प्रकाशाला पारदर्शक आहे आणि त्याचा अपवर्तनांक सुमारे २ आहे. त्यासाठी लागणारी लिथोग्राफी तुमच्या महाविद्यालयात नसेल तर आयआयटी मुंबई आणि बंगळुरूचे भारतीय विज्ञान संस्थान यांच्या सुविधा बाहेरच्या संशोधकांना खुल्या करणारा इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स युजर्स प्रोग्रॅम आहे. त्यात प्रस्ताव देताना तारेचा छेद, लांबी, तरंगलांबी आणि अपेक्षित हानी हे चार आकडे आधी काढून ठेवा, कारण पहिल्याच बैठकीत तेच विचारले जातात.